डायक्वासचे थेंब: रिसेप्टर जिथे, गुण तिथे

कोरड्या डोळ्यांसाठी मिळणारे बहुतेक थेंब बाहेरून ओलावा घालतात. आटलेल्या विहिरीत टँकर रिकामा करावा, तसा त्यांचा कारभार असतो. डायक्वास विहिरीचे झरे मोकळे करायला जातं. म्हणून या औषधाचा विचार करताना पहिला प्रश्न असा: झरे आहेत कुठे, आणि ते जिवंत आहेत का? याचं उत्तर डोळ्याच्या कोणत्या पेशींवर कोणते न्यूक्लिओटाइड रिसेप्टर (एटीपीसारख्या रेणूंचा निरोप घेणारे पेशीवरचे ग्राहक) बसले आहेत, त्या नकाशात मिळतं. तो नकाशा न पाहता 'भारी जपानी ड्रॉप्स' म्हणून हे वापरलं, तर बरेचदा निराशाच होते.

आधी वस्तूची ओळख. ओसाकाच्या सांतेन कंपनीचं हे औषध ५ मिलीच्या प्लास्टिक बाटलीत येतं. त्यात डायक्वाफोसॉल सोडियम ३%, म्हणजे दर मिलीला ३० मिग्रॅ असतं. जपानमध्ये एप्रिल २०१० मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते बाजारात आलं. पुढे दक्षिण कोरिया आणि चीनमध्येही मान्यता मिळाली. ठरलेला डोस एका वेळी एक थेंब, दिवसातून ६ वेळा. जपानमध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. टोकियोला जाऊन येणारी मंडळी ड्रगस्टोअरमधून सांते एफएक्स निओसारखे झणझणीत गार थेंब पिशवीभर आणतात, त्यांच्याशी याचा काही संबंध नाही. कंपनी तीच असली तरी त्या थेंबांत लाली उतरवण्यासाठी रक्तवाहिन्या आकसवणारं टेट्राहायड्रोझोलिन असतं. त्याने डोळा पांढरा दिसतो, पण कोरडेपणावर इलाज होत नाही.

आता रिसेप्टरकडे येऊ. एटीपी आपल्याला पेशीचं इंधन म्हणून शाळेपासून माहीत असतं. ते पेशीबाहेर सांडलं की निरोप्याचं काम करतं, ही कल्पना जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये मांडली आणि बराच काळ ती कोणी मनावर घेतली नाही. आज हा निरोप घेणारे दोन प्रकारचे रिसेप्टर माहीत आहेत. पी२एक्स कुळात ७ उपप्रकार आहेत. ते स्वतःच आयनांचे दरवाजे असतात आणि एटीपी बसताच उघडतात. पी२वाय कुळात ८ उपप्रकार आहेत आणि ते पेशीच्या आत साखळी चालू करतात. डायक्वासचं लक्ष्य यातला एकच: पी२वाय२. या रिसेप्टरला एटीपी आणि त्याचाच भाऊबंद यूटीपी दोन्ही सारखेच चालतात.

मग यूटीपीचेच थेंब का केले नाहीत? कारण डोळ्याच्या पृष्ठभागावर न्यूक्लिओटाइड तोडणारी एन्झाइम्स तयारच असतात आणि यूटीपीचं उघडं फॉस्फेट टोक ती झटपट छाटून टाकतात. डायक्वाफोसॉलमध्ये दोन युरिडीन (यूटीपीतला फॉस्फेट सोडून उरलेला भाग) चार फॉस्फेटच्या साखळीने जोडलेले आहेत. दोन्ही टोकं झाकलेली असल्याने ते जास्त टिकतं. याच चार फॉस्फेटमुळे रेणूवर भरपूर ऋणभार असतो, त्यामुळे तो कॉर्नियातून (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून) आत फारसा शिरत नाही. पृष्ठभागावर काम करणाऱ्या औषधाच्या बाबतीत हा गुणच आहे.

नकाशा असा आहे. ससे आणि माकडांच्या डोळ्यांत पी२वाय२ चा एमआरएनए (तो बनवण्याचा पेशीतला आदेश) शोधला गेला तेव्हा तो पापणीच्या आतल्या आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या कंजंक्टायव्हाच्या पेशींत सापडला. तिथल्या म्युसिन हा चिकट पदार्थ बनवणाऱ्या गॉब्लेट पेशींतही होता, कॉर्नियाच्या वरच्या थरात होता आणि पापणीच्या कडेला तेल सोडणाऱ्या मायबोमियन ग्रंथींतही होता. डोळ्याच्या आतही हा रिसेप्टर आहे, पण त्याविषयी नंतर.

या यादीत रोख आहे तो कंजंक्टायव्हावर. डोळ्याच्या पृष्ठभागाचा बहुतांश भाग तिने व्यापलेला असतो आणि कॉर्निया त्यामानाने चिमुकला. कंजंक्टायव्हाच्या पेशीवर पी२वाय२ जागा झाला की आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, क्लोराइडचे दरवाजे उघडतात, क्लोराइड बाहेर पडतं आणि त्यामागून पाणी येतं. गॉब्लेट पेशीत तेच कॅल्शियम म्युसिनच्या भरलेल्या पिशव्या रिकाम्या करायला लावतं. म्हणजे पाणीही येतं आणि ते पाणी डोळ्यावर पसरून धरणारा चिकट थरही येतो. मायबोमियन ग्रंथींचा वाटाही असावा, कारण निरोगी डोळ्यांत एका थेंबानंतर तेलाचा थर जाड झालेला मोजला गेला आहे. पण गोठलेल्या तुपासारख्या तेलाने ग्रंथींची तोंडं बुजली असतील, तर नुसत्या थेंबांवर विसंबून चालत नाही. तिथे आधी गरम शेक आणि पापण्यांची स्वच्छता हवीच.

या सगळ्यात मुख्य अश्रुग्रंथीची गरज लागत नाही, ही डायक्वासची खरी कमाई. अश्रुग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांतही त्याचा परिणाम दिसला होता. शोग्रेनसारख्या आजारात (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते) ग्रंथीच बसलेली असते, तिला चाबूक मारणाऱ्या औषधांची धाव तिथे मर्यादित असते. पाणी मागण्यासाठी कंजंक्टायव्हाचा दुसरा दरवाजा मोकळा असणं मग मोलाचं ठरतं.

आता कळीचा आक्षेप. एका थेंबानंतर खालच्या पापणीच्या काठावरची अश्रूंची रेघ मोजली, तर ती सुमारे ३० मिनिटं वाढलेली राहते. साध्या कृत्रिम अश्रूंपेक्षा हे नक्कीच सरस आहे, पण हिशेब मांडून बघा. ६ थेंबांचे झाले ३ तास, आणि जागेपणीचे तास १६. उरलेले १३ तास काय? याचं प्रामाणिक उत्तर असं की पाण्याचा परिणाम तेवढाच. दीर्घ फायदा म्युसिनच्या थराचा आणि हळूहळू भरून येणाऱ्या पेशींचा असतो, आणि तो आठवड्यांच्या हिशेबाने दिसतो. जपानमधली निर्णायक चाचणी ४ आठवड्यांची होती. त्यामुळे दोन दिवस घालून 'काही फरक नाही' म्हणून बाटली टाकून देणाऱ्याने औषधाची परीक्षा घेतलेलीच नसते. नियमित ४ आठवडे द्यावेत आणि मग ठरवावं.

त्या चाचणीचे निकालही नकाशाशी जुळतात. तुलना ०.१% सोडियम हायलुरोनेटशी, म्हणजे ओलावा धरून ठेवणाऱ्या नेहमीच्या थेंबांशी होती. फ्लुरेसीन रंगाने कॉर्नियावरची इजा मोजली, तर डायक्वास हायलुरोनेटपेक्षा कमी पडलं नाही, इतकंच सिद्ध झालं. रोझ बेंगाल रंगाने मोजलं, तेव्हा ते सरस ठरलं. रोझ बेंगाल चढतो तो जिथे म्युसिनचं पांघरूण विरलेलं असतं तिथे. म्हणजे ज्या ऊतीत रिसेप्टर आणि गॉब्लेट पेशी आहेत, तिथलं दुखणं मोजलं की औषध चमकतं. कॉर्नियाच्या मध्यभागी गॉब्लेट पेशी मुळात नसतातच.

अमेरिकेत हेच औषध अडलं, त्यामागेही काही प्रमाणात हाच फरक असावा, असं आमचं मत आहे. मूळ रेणू तिथलाच. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहमच्या इन्स्पायर फार्मास्युटिकल्सने तो विकसित केला आणि प्रोलेक्रिया नावाने २% द्रावण मंजुरीसाठी पुढे केलं. २००३ आणि २००५ मध्ये अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने पूर्ण मंजुरी न देता आणखी पुरावा मागितला. शेवटच्या मोठ्या चाचणीची कसोटी होती कॉर्नियाच्या मध्यभागातला डाग पूर्ण नाहीसा होणं. जानेवारी २०१० मध्ये कंपनीने ती कसोटी पार न झाल्याचं जाहीर केलं, आणि तीनच महिन्यांनी जपानने मंजुरी दिली. औषध एक, निकाल दोन. जपानी द्रावण ३% होतं आणि मोजमापही वेगळं, ही बाब दोन्ही बाजूंचे वाद वाचताना ध्यानात ठेवावी. 'एफडीएने नाकारलं म्हणजे निकामी' हे जितकं उथळ, तितकंच 'जपानी डॉक्टर देतात म्हणजे रामबाण' हेही.

वापराच्या पद्धतीत बारकावे पुष्कळ आहेत आणि बहुतेक तक्रारी तिथूनच उगवतात.

डोळ्यावरच्या अश्रूंचं एकूण प्रमाण जेमतेम ७ मायक्रोलीटर असतं. पापणीच्या खोबणीत न सांडता राहील असं जास्तीत जास्त ३० मायक्रोलीटरच्या आसपास. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलीटरचा. म्हणजे पहिला थेंबच थोडा वाया जाणार. दुसरा टाकला तर तो पहिल्यालाही घेऊन गालावर ओघळतो. एका वेळी एकच थेंब हा नियम कंजूषपणापोटी केलेला नाही.

हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी बोटाने हलकेच ओढून खिसा करा आणि थेंब त्या खिशात सोडा. बुबुळावर मधोमध टाकलेला थेंब चटकन मिचकावला जातो. शिवाय गॉब्लेट पेशींची दाटी खाली, नाकाच्या बाजूच्या भागात जास्त असते, त्यामुळे खालचा खिसा या औषधाला सोयीचाही आहे. बाटलीचं टोक पापणीला किंवा पापणीच्या केसांना लागू देऊ नका. थेंब पडल्यावर मिटमिट न करता डोळा सावकाश मिटा आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर एक मिनिट बोट दाबून धरा. औषध नाकात उतरायचं थांबतं आणि डोळ्यावर थोडं जास्त रेंगाळतं.

६ वेळा म्हणजे जागेपणी साधारण अडीच-तीन तासांनी. सकाळी दोनदा, ऑफिसात विसरलं म्हणून रात्री चारदा, असा हिशेब जुळवून उपयोग नाही. रिसेप्टर तेच आणि साठाही तोच, म्हणून लागोपाठच्या थेंबांनी फायदा दुप्पट होत नाही. दुसरे थेंब चालू असतील तर मध्ये किमान ५ मिनिटं सोडा. जेल किंवा मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी, नाहीतर डायक्वास त्या थरावरून घसरून जाईल.

मोबाइलचा गजर हाच या औषधाचा खरा जोडीदार आहे. ६ वेळा घालणं हा डायक्वासचा सर्वांत मोठा व्यावहारिक दोष, आणि कंपनीलाही ते कळलं होतं. २०२२ मध्ये जपानमध्ये आलेल्या डायक्वास एलएक्समध्ये औषधाचं प्रमाण तेच ३% आहे, पण पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे जोडद्रव्य घातल्याने डोस दिवसातून ३ वेळांवर आला. दुपारी मीटिंगमध्ये मान वर करून थेंब घालायला संकोचणाऱ्यांनी डॉक्टरांना एलएक्सविषयी विचारावं. दोन्ही बाटल्या एकत्र वापरू नयेत.

हिशेब खिशाचाही करा. ५ मिलीच्या बाटलीत साधारण १०० ते १२५ थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांना ६ वेळा म्हणजे रोज १२ थेंब, तेव्हा एक बाटली ८ ते १० दिवस पुरते आणि महिन्याला ३-४ बाटल्या लागतात. नेम चुकणाऱ्यांना त्याहून जास्त. जपानमध्ये राहणाऱ्या आणि तिथल्या आरोग्य विम्यात असलेल्या बहुतेक प्रौढांना खर्चाचा ३०% वाटा स्वतः भरावा लागतो, तेव्हा ते पेलतं. एकच बाटली तीन महिने पुरली, तर औषध स्वस्त पडलं असं नव्हे, घातलंच गेलं नाही असं समजावं.

त्रासाचं काय? सर्वांत जास्त तक्रार असते चुरचुरण्याची. त्यानंतर चिपडं, लाली, डोळा दुखणं, खाज. पृष्ठभाग जितका जास्त सोललेला, तितकी चुरचुर जास्त, म्हणून सगळ्यात गरजूंनाच ती सुरुवातीला सर्वाधिक जाणवते. काही दिवसांत कमी होत असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. वाढत असेल तर थांबून डॉक्टरांना दाखवावं.

चिपडांबद्दल जरा सविस्तर, कारण घाबरून औषध सोडणारे याच पायरीवर अडखळतात. गॉब्लेट पेशींनी म्युसिन सोडलं की साचलेला कचरा त्याच्यात गुंडाळून पांढरट, तंतुमय धाग्यासारखा कोपऱ्यात येतो. औषध काम करतंय, त्याची ही खूण आहे. ते बोटाने ओढून काढू नका. स्वच्छ ओल्या कापसाने कडेवरून टिपा. धागा ओढत बसलं की कंजंक्टायव्हा घासली जाते, त्याने आणखी म्युसिन सुटतं आणि माणूस दिवसभर धागेच ओढत राहतो. पण स्राव पिवळा-हिरवा, घट्ट असेल, सकाळी पापण्या चिकटून बसत असतील, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे या स्पष्टीकरणावर समाधान मानू नये.

प्रिझर्व्हेटिव्ह हा वेगळा मुद्दा. दिवसातून ६ वेळा, महिनोन्‌महिने घालायच्या बाटलीत औषध टिकवणारं, जंतू रोखणारं कोणतं द्रव्य आहे, याला महत्त्व आहे. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे असंच एक द्रव्य कोरड्या डोळ्याच्या पेशींना आणखी खरवडतं आणि सॉफ्ट लेन्समध्ये मुरतं. आता जपानमध्ये डायक्वाफोसॉलची जेनेरिकही मिळतात, आणि औषध एकच असलं तरी प्रिझर्व्हेटिव्ह एकच असेल असं नाही. आपल्या हातातल्या बाटलीचं लेबल वाचा किंवा फार्मासिस्टला थेट विचारा. सॉफ्ट लेन्स वापरत असाल तर लेन्स काढून थेंब घाला आणि निदान १५ मिनिटांनी लेन्स परत लावा. प्रिझर्व्हेटिव्हच सोसत नसेल, तर एकदा वापरून फेकायच्या बिनप्रिझर्व्हेटिव्ह कुप्याही काही देशांत मिळतात. कोरियात त्या डायक्वास-एस नावाने आहेत.

हे औषध कुणाला मानवतं? ज्यांच्या डोळ्यांत अश्रू पुरेसे दिसतात, पण पापणी उघडल्यावर ५ सेकंदांच्या आत अश्रूंचा पडदा फाटतो, अशांना. दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्यांत हा प्रकार सर्रास आढळतो. जपानी डॉक्टर यात पडदा कुठल्या जागी आणि कुठल्या आकारात फाटतो, ते पाहून औषध निवडतात, आणि म्युसिनच्या उणिवेने फाटणाऱ्या पडद्यात डायक्वासला पहिली पसंती असते. शोग्रेनच्या रुग्णांनाही ते द्यायचं कारण वर आलंच आहे.

कुणाला फार आशा धरू नये? जिथे झरेच बुजले आहेत तिथे. रसायन भाजल्याने, स्टीव्हन्स-जॉन्सन किंवा पेम्फिगॉइड या त्वचेच्या आणि डोळ्यांच्या गंभीर आजारांमुळे कंजंक्टायव्हावर व्रण धरले की गॉब्लेट पेशी नष्ट होतात. अ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावातही त्या घटतात, पण तिथे इलाज अ जीवनसत्त्वाचा आहे, थेंबांचा नाही. कॉर्नियावर तंतू लोंबत असतील किंवा पापणी घासून इजा होत असेल, तिथे आणखी म्युसिन सोडवणं अडचणीचंही ठरू शकतं. अशा वेळी जपानमध्ये रेबामिपाइड २% या दुसऱ्या थेंबांकडे कल दिसतो. तेही म्युसिनवर काम करतं, पण वेगळ्या वाटेने. ते दुधासारखं पांढरं असल्याने काही वेळ धूसर दिसतं आणि घशात उतरून चांगलंच कडू लागतं. डायक्वास पाण्यासारखं स्वच्छ आहे, म्हणून गाडी चालवणाऱ्याला त्यामानाने सोयीचं. सायक्लोस्पोरिन हे औषध काम करतं सुजेवर आणि त्याला गुण यायला महिने लागतात, त्यामुळे त्याची या थेंबांशी तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. बरेचदा दोन्ही चालू असतात.

आता डोळ्याच्या आतला नकाशा, कारण 'न्यूक्लिओटाइड रिसेप्टर रेटिनातही (डोळ्याच्या मागच्या पडद्यातही) असतात, मग हे थेंब ग्लॉकोमाला (काचबिंदूला) चालतील का' असा प्रश्न हटकून येतो. रिसेप्टर असतात हे खरं. डोळ्यातला द्रव बनवणाऱ्या सिलिअरी बॉडीवर आहेत, तो बाहेर जाऊ देणाऱ्या जाळीवर आहेत, रेटिनाच्या आधार देणाऱ्या म्युलर पेशींवर आहेत. मेंदूकडे निरोप नेणाऱ्या रेटिनाच्या गँग्लियन पेशींवर पी२एक्स७ आहे, आणि तिथे एटीपी अती झालं की पेशी मरतात, म्हणून संशोधकांना तो चालू करण्यापेक्षा बंद करण्यात रस आहे. कॉर्नियाच्या संवेदी मज्जातंतूंवरचा पी२एक्स३ वेदनेचा निरोप नेतो. एकच एटीपी एका ऊतीत पाणी आणतं, दुसऱ्यात वेदना, तिसऱ्यात मृत्यू. म्हणून 'रिसेप्टर आहे' एवढ्याने औषध ठरत नाही, कुठला आणि कुठे हेच पाहावं लागतं.

रेटिनाच्या रंगद्रव्य थरावरचा पी२वाय२ रेटिनाखाली साचलेलं पाणी शोषून घ्यायला मदत करतो. त्याच इन्स्पायर कंपनीने याच कल्पनेवर डेन्युफोसॉल नावाचा भाऊबंद रेणू सुटलेल्या रेटिनासाठी थेट डोळ्यात टोचून पाहिला होता, पण तो औषध म्हणून उभा राहिला नाही. डायक्वासचा थेंब तर तिथवर पोचतही नाही. डोळ्याचा दाब, मधुमेही रेटिना, मॅक्युला (रेटिनाचा मधला भाग) यांसाठी ते घालण्यात काही मतलब नाही.

नातेवाइकांमार्फत मागवण्याबद्दल एकच सांगायचं. हे चिठ्ठीचं औषध आहे, आणि कोरडेपणाचा प्रकार तपासल्याशिवाय ते घालणं म्हणजे अंधारात दगड मारणं. नेत्रतज्ज्ञाकडे गेल्यावर तीन गोष्टी विचारा: अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो, डाग कॉर्नियावर आहेत की कंजंक्टायव्हावर, आणि मायबोमियन ग्रंथी दाबल्यावर तेल पातळ येतं की घट्ट. पडदा लवकर फाटतो आणि डाग कंजंक्टायव्हावर, असं उत्तर आलं तर डायक्वास ४ आठवडे घालून पाहण्याजोगं आहे. तेल घट्ट आणि बाकी सगळं ठीक, असं असेल तर पैसे वाचवा आणि गरम शेक घ्या.

बाटली उघडली की त्याच दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहा. महिना झाला की उरलेलं औषध ओतून टाका.